डबीचं झाकण

मला वासाबिसाचं फारसं कौतुक नाही. औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभी आहे. नाकाला जे कळायचं ते कळून चुकलं आहे. तरी दिवाळी सरली, की एखाद्या सकाळी कळंब्याच्या रस्त्यावर दुकानाचं शटर वर करताना वाऱ्याबरोबर चिपाडाचा धूर येतो, त्याच्यामागून उकळत्या रसाचा गोडसर, किंचित करपट वास येतो, आणि हात शटरवरच थांबतो. कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं असतं.

यंदा तो वास गेल्या मंगळवारी आला. मी शटर पुरतं वर ढकललं, टेबलाचा खालचा खण उघडला, आत एक चपटी डबी आहे ती चाचपून पाहिली, खण लावला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

कॅल्शियम मी रोज विकते. गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढणाऱ्या बायका येतात, चिठ्ठी पुढे करतात, मी पट्टी काढून देते. इतका वापरातला शब्द. पण चार वर्षांपूर्वी हाच शब्द मी घाईत एकदा मराठीत सांगितला आणि ती घाई आम्हाला एक अख्खा हंगाम पुरली.

आबा म्हणजे माझे सासरे. ते गुळव्या होते. गुऱ्हाळात हात पुष्कळ लागतात. कुणी ऊस घाण्यात सारतो, कुणी चिपाडं वाळवतो, कुणी चुलवाणात जाळ घालतो. पण गूळ होतो तो गुळव्याच्या शब्दावर. काहिलीत रस तापू लागला, की मळी वर आणायला भेंडीचं पाणी किती घालायचं, चुन्याची निवळी किती, आणि काहील जाळावरून नेमकी कधी उतरवायची, हे त्यानं ठरवायचं. चुना कमी पडला तर गुळाचा रवा धरत नाही. जास्त झाला तर काळा पडतो आणि तोंडात बेचव लागतो. एवढं सगळं चुन्यावर, आणि आबांकडे मापाचं भांडं म्हणून नव्हतं. त्यांच्या हाताखाली तयार झालेला शंकर तांब्यातून निवळी ओतत जायचा, आबा वाफेत तोंड घालून उभे असायचे, आणि एका क्षणाला म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." तिथं तांब्या सरळ व्हायचा.

"ऱ्हाऊ दे" हा त्यांचा गुऱ्हाळातला शब्द घरातही चालायचा. दुसरी भाकरी वाढायला गेलं, की ऱ्हाऊ दे. नवा सदरा शिवायचा म्हटलं, की ऱ्हाऊ दे. माझ्या नवऱ्याशी माझं भांडण जुंपलं, तर दोघांच्या मध्ये येऊन बसायचे आणि कुणाकडंही न बघता म्हणायचे, "ऱ्हाऊ दे आता." लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या माणसाला कशाचीच हौस नाही. मग हळूहळू लक्षात आलं, की या दोन शब्दांचे वीसएक अर्थ आहेत आणि बहुतेक मायेचे आहेत.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी गुऱ्हाळावर गेले ती पर्समध्ये आम्लता मोजायच्या कागदाच्या पट्ट्या घेऊन. औषधशास्त्राची पदविका ताजी होती, अंगात मस्ती होती. रसात पट्टी बुडवली, ती पिवळट हिरवी झाली. मी मोठ्यानं सांगितलं, "आबा, अजून थोडा चुना लागेल." जाळ घालणारा, घाण्यावरचा, सगळे बघायला लागले. सून सासऱ्याला गूळ शिकवतीय! आबांनी बोट रसात बुडवून जिभेला लावलं. "अर्धी पळी," म्हणाले. शंकरनं अर्धी पळी घातली. मी पुन्हा पट्टी बुडवली. बरोबर आली होती. आबांनी ती पट्टी माझ्याकडून घेतली, उन्हात धरून बघितली आणि खिशात टाकली. "आमची डाक्टरीण," असं त्या दिवसापासून म्हणायला लागले. डॉक्टर मी नाही, हे गावातल्या शंभर लोकांना त्यानंतर मला सांगावं लागलं.

त्या हंगामातलं काय काय आठवतं? पहाटे दव पडलेली वैरण. मातीच्या भांड्यातला गार रस, वर आल्याचा झटका. निवायला वाफ्यात ओतलेला गरम गूळ फावड्यानं फिरवताना येणारा जड, ओला आवाज. भाकरीवर घेतलेली काकवी, जी कोपरापर्यंत ओघळते आणि मग कुणीही कुणाकडं बघत नाही, सगळे आपापलं कोपर चाटतात. मी हिशेबी बाई आहे. पण तेही मी चाटलं आहे.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास आबांना गुऱ्हाळाच्या तीन पायऱ्या चढताना दम लागला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय फुगलंय, ढिलं पडलंय, नीट ढकलत नाही आणि नीट सैलही होत नाही. मीठ बंद, पाणी मोजून, गोळ्या चार रंगांच्या. आणि काहिलीच्या जाळाजवळ उभं राहायचं नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटचं ऐकल्यावर खिडकीबाहेर बघायला लागले.

नेमकी त्याच थंडीत माझी मुलगी सई प्रबंध लिहायला घरी आली होती. ती पुण्याला संशोधन करते, हृदयाच्या पेशींवर. तिचा विषय मला कळायलाच वर्ष लागलं. पेशीत मायक्रोआरएनए म्हणून एक फार बारीक गोष्ट असते आणि आजारी हृदयात तिच्यामुळं कॅल्शियमचा कारभार कसा बिघडतो, हे ती शोधते. एका सकाळी ती आबांजवळ बसून मोबाइलवर बशीतल्या पेशी दाखवत होती. त्या एका ठेक्यात आकसत होत्या, सुटत होत्या.

"ह्ये काय वळवळतंय?"

"हृदयाच्या पेशी आहेत, आबा. उंदराच्या पिल्लाच्या."

"आनि पिल्लू?"

सईनं नकारार्थी मान हलवली. आबांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. "बरं," म्हणाले. मग, "माज्यात काय बिघडलंय त्ये सांग."

ती सांगायला लागली. कॅल्शियम, मग साठा, मग पंप, मग इंग्रजी शब्द, मग पुन्हा कॅल्शियम. मराठी तिला ऐनवेळी सापडेना. मी भाकरी थापत होते, दुकानाला उशीर होत होता. तव्यावरून मान न वळवता मी म्हटलं, "आबा, कॅल्शियम म्हणजे आपला चुनाच समजा. तुमच्या काळजात चुन्याचं प्रमाण बिघडलंय." आणि डबा उचलून निघाले. सोपं करून सांगितल्याचं मला समाधानसुद्धा वाटलं.

ज्या माणसाचा सगळा जन्म चुन्याचं प्रमाण राखण्यात गेला, त्याला मी हे सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात आबांनी तंबाखू सोडली. पन्नास वर्षांची तंबाखू! कधी ओरडून, कधी रुसून आम्ही थकलो होतो. त्यांनी चंची शंकरला देऊन टाकली आणि चुन्याची डबी रिकामी करून धुऊन उशाशी ठेवली. मी दुकानात चार जणांना सांगितलं. सई म्हणाली, "आई, मी दाखवलेल्या पेशींचा परिणाम." मी म्हटलं, माझ्या ओरडण्याचा. दोघी खूश होतो.

मग त्यांनी दूध सोडलं. कोल्हापुरात म्हशीचं दूध सोडणारा माणूस म्हणजे बातमीच, पण आम्ही म्हटलं, वय झालं, पचत नसेल. मग टोपलीतली भेंडी कमी व्हायला लागली. आणलेली अर्धा किलो संध्याकाळी पावशेर भरायची. मी शेजारच्या मांजरावर संशय घेतला. मांजर भेंडी खात नाही हे मला ठाऊक होतं, पण दुसरं कुणी दिसत नव्हतं.

पायांवर सूज चढली ती मी उशिरा पाहिली. सकाळची घाई, संध्याकाळची गर्दी. एका रविवारी त्यांचं अंथरूण झटकताना उशाखालून डबी खाली पडली, झाकण उघडलं आणि फरशीवर गोळ्या घरंगळल्या. सगळ्या पांढऱ्या. सकाळी मी हातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची आणि वळायची. बाकीच्या तीन रंगांच्या पोटात जात होत्या. पांढऱ्या डबीत.

आबा दारात उभे होते. दम लागल्यामुळं चौकट धरून.

"हे काय, आबा?"

"चुना हाय त्यो."

"कसला चुना?"

"पांढरी गोळी म्हंजे खडूच की. खडू म्हंजे चुना. माज्यात चुना जास्त झालाय, तूच म्हनालीस. वरनं आनि घालायचा व्हय? गूळ काळा पडंल की." मग माझा चेहरा बघून, समजावणीच्या सुरात, "मी भेंडीचं पानी घेतोय रोज सकाळी. मळी वर यील. काळजी करू नगंस."

मी खाली बसून गोळ्या वेचत होते. औषधविक्रेती म्हणून एक गोष्ट मला माहीत होती आणि त्या क्षणी नको असताना आठवली: पुष्कळ गोळ्यांना आकार यायला त्यात कॅल्शियमचीच भुकटी घालतात. अगदी चिमूट, काही बिघडवत नाही. पण म्हणजे माणूस पुरता चुकलाही नव्हता. आपल्या धंद्याच्या अकलेनं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, त्यानं स्वतःला मारायला घेतलं होतं. अंगातलं पाणी काढणारी गोळी त्या पांढऱ्यांतच होती.

त्याच दुपारी दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या का बंद केल्या? मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी भाषांतर चुकीचं केलं." त्यांना काही कळलं नाही. त्यांनी इंजेक्शन लिहिलं.

दोन दिवसांनी श्वास खाली बसला तेव्हा सई डबी घेऊन आबांच्या खाटेवर बसली. मी पायाशी. शेजारच्या खाटेवर शिरोळकडचे एक पाहुणे होते, उसाचे बागायतदार, त्यांना झोप येत नव्हती आणि आमच्या बोलण्यात रस होता.

"आबा, चुना जास्त झालेला नाही. कमीही झालेला नाही. तो जागेवर नाही," सई म्हणाली. तिनं डबी उघडून त्यांच्या तळव्यावर ठेवली. "प्रत्येक पेशीत अशी एक डबी असते. ठोका पडायच्या वेळी डबीतून कॅल्शियम बाहेर येतं, पेशी आवळते. मग ते सगळं परत डबीत भरायचं. भरलं की पेशी सैल होते. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. तुमच्या काळजात ते बाहेर येतंय, पण परत जाताना अर्धवट जातंय. मग काळीज पुरतं सैल पडत नाही, रक्त भरायला जागा मिळत नाही. आणि डबीतच कमी, म्हणून पुढचा ठोकाही हलका."

आबांनी डबी उघडली, लावली. पुन्हा उघडली. "म्हंजे झाकन लागंना."

"झाकण ठीक आहे. परत भरणारी माणसं कमी पडलीत."

"का? गावाला गेलीत?"

पाहुणे हसले. सईही हसली. "त्यांना बोलवायची चिठ्ठी निघते, आबा. पण वाटेत एक बारीकसं कुणीतरी त्या चिठ्ठीला चिकटतं. बावीसेक अक्षरांचं. ते स्वतः काही करत नाही, काही बनवत नाही. नुसतं चिठ्ठी धरून बसतं आणि म्हणतं..." ती अडकली. मी तिच्याकडं बघत होते. मराठी शब्द शोधताना ती लहानपणी करायची तसं तिनं खालचा ओठ चावला. मग तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणतं, ऱ्हाऊ दे."

आबा हसले नाहीत.

"वाईट हाय व्हय त्ये?"

"नाही हो. धडधाकट काळजातही तसली पुष्कळ असतात. ऱ्हाऊ दे म्हणणारं कुणी नसलं तर सगळंच उतू जाईल. पण आजारात त्यातली काही फार बोलायला लागतात. नको तिथं."

"आनि त्यास्नी गप कोन करनार?"

"त्याच्यावरच काम चाललंय. त्याला नेमकं चिकटून बसेल असं उलट्या अक्षरांचं काहीतरी तयार करतात. मग ते गप होतं. उंदरांत करून बघतात."

"उंदराचं बरं झालं का?"

"काहींचं झालं. काहींचं नाही. आम्हालाच अजून नीट कळलेलं नाही."

"मानसाचं?"

"वेळ लागेल, आबा."

"मला पुरंल एवढा?"

तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, होईल की, आताशा काय काय निघतंय. काउंटरवर दिवसातून दहा वेळा मी असं म्हणते. सई म्हणाली, "नाही."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस सांगितलंस. मग ह्या गोळ्या काय करत्यात?"

"काळजावरचं ओझं हलकं करतात. साचलेलं पाणी काढतात."

"तेवढं चालंल."

"पावणं," शेजारून आवाज आला, "नात डाक्टर हाय व्हय तुमची?"

"न्हाय," आबा म्हणाले, "उंदराची डाक्टर हाय. पर खोटं बोलत न्हाय." मग माझ्याकडं वळून, "म्हंजे चुना खाल्ला तर चालतोय की!"

"तंबाखू चालत नाही," मी म्हटलं.

"मग डबीचं काय करू?"

मी ती घरी नेऊन घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि सुकवली. रोज सकाळी दुकानाला जाण्याआधी पट्टी कापून त्या दिवसाच्या गोळ्या तिच्यात भरायला लागले, चारी रंगांच्या. आबा कमरेला लावून हिंडायचे. वेळ झाली की ओसरीवर बसून डबी उघडायचे, गोळी घ्यायचे, पाणी प्यायचे, डबी लावायचे. चंचीचा सगळा थाट तसाच. मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. उघडताना डबीचा आवाज येत नसे. लावताना यायचा, टक्.

एका बोलीवर मात्र ते अडून बसले. गोळ्या घेईन, पण हंगाम संपायच्या आत एक आदण बघणार. आदण म्हणजे काहिलीचा एक घाणा, रस चढवल्यापासून गूळ उतरवेपर्यंत. डॉक्टर तासाभरासाठी हो म्हणाले, जाळापासून लांब. शिमग्याच्या आधी शेवटचा ऊस आला तेव्हा मी दुकान बंद ठेवून त्यांना घेऊन गेले. प्लॅस्टिकची खुर्ची वाऱ्याच्या बाजूला ठेवली. काहील रटरटत होती. मळी काढून झाली होती. शंकरनं निवळीचा तांब्या उचलला, धार धरली आणि सवयीनं आबांकडं बघितलं.

आबा बोलले नाहीत.

धार पडत होती. जाळ घालणारा थांबला. मला वाटलं, दम लागला की काय. मी पुढं झुकून बघितलं. ते व्यवस्थित होते. हात मांडीवर, डोळे काहिलीवर, ओठ मिटलेले.

"आबा?" शंकर कासावीस झाला.

"माज्याकडं काय बघतोस? काहिलीत बघ की."

शंकरनं काहिलीत बघितलं. आणखी एक क्षण गेला. मग त्यानं स्वतःच तांब्या सरळ केला.

रवा जरा काळपट निघाला. पळीभर चुना जास्त झाला होता, हे मलासुद्धा पट्टी न बुडवता कळलं. शंकर मान खाली घालून उभा होता. आबांनी एक तुकडा तोंडात टाकला, चघळला. "ह्योच आमच्या घरला दे," म्हणाले. वर्षभर त्या गुळाचा चहा झाला. कुणी पाहुणा म्हणाला, गूळ काळा आहे, की ते म्हणायचे, "शंकरचा पयला हाय."

त्यांना आणखी दोन हंगाम मिळाले. तिसऱ्याची गुऱ्हाळं पेटायच्या आधी गेले, दुपारी, ओसरीवर, डबी कमरेला होती. त्या दिवसाच्या सकाळच्या गोळ्या घेतलेल्या होत्या, संध्याकाळची शिल्लक होती. हे मी पाहिलं, कारण मी असलंच पाहते.

सई आता पुण्यातच दुसऱ्या प्रयोगशाळेत आहे. त्या बारीक गोष्टींना तिच्या प्रबंधात नावं नाहीत, आकडे आहेत. फोनवर मात्र ती सांगते, "आई, आज एक नवा ऱ्हाऊ दे सापडला." मी विचारते, गप बसला का? ती म्हणते, अजून नाही. "बरं," मी म्हणते, "जेवलीस का?"

मंगळवारी, दुकान बंद करायच्या आधी, मी खण उघडून डबी बाहेर काढली. आत काही नाही. कडेला, घासूनही न गेलेली चुन्याची एक पांढरी रेघ आहे. पदविकेला असताना शिकवलं होतं, हृदयाचा जो ठोका कानाला ऐकू येतो तो झडपा उघडण्याचा नसतो, लागण्याचा असतो. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बाहेर अजून चिपाडाचा वास होता. मी डबी उघडली, थोडा वेळ तशीच धरली आणि झाकण लावलं.

टक्.